दुतोंडी मीठ आणि दातारबाई

शैलजाबाई दातार यांना मी प्रथम पाहिलं ते पाठमोरं. परळहून शिवडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गिरणीत ब्लीचिंग खात्याला लागून एक लहानशी प्रयोगशाळा होती. बाई तिथे खिडकीच्या उजेडात ब्युरेट धरून उभ्या होत्या. मी नुकताच लॅब असिस्टंट म्हणून लागलो होतो. पदवीची शाई ओली होती आणि डोक्यात हवा भरलेली होती. मागे वळून न बघताच बाईंनी विचारलं, "नाईक ना? परमँगनेट प्रमाणित करता येतं?"

"हो बाई. कॉलेजात पुष्कळदा केलंय."

"मग करा."

ज्यांचा रसायनशास्त्राशी संबंध शाळेतच सुटला त्यांच्यासाठी सांगतो. कापड पांढरं करायला पेरॉक्साइड लागे. त्यात दम किती उरलाय हे परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणाने मोजायचं. पण परमँगनेट स्वतः भरवशाचं नाही. ठेवल्या जागी बिघडतं. म्हणून त्याला आधी सोडियम ऑक्झलेटपुढे उभं करायचं. हे पांढरं मीठ शुद्ध मिळतं, हवेतला दमटपणा ओढून घेत नाही, तोललं की त्याच्या वजनावर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो. मी मोठ्या ऐटीत ऑक्झलेटच्या थंडगार द्रावणात परमँगनेट सोडू लागलो. गुलाबी रंग जाईना. मी आणखी सोडलं, तर सगळं तपकिरी झालं. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"थंड असताना भांडून उपयोग नाही, नाईक. आधी ऊब द्या. मग एक थेंब टाका आणि थांबा. पहिला थेंब रुसतो. तो निवळला की पुढचे पटापट निवळतात."

रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. पुन्हा खिडकीकडे वळल्या. मी चंचुपात्र धुवून पुन्हा सुरुवात केली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत उत्तर बरोबर आलं.

बाईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख द्या, असं संपादक मंडळाचं बोलावणं आलं तेव्हा मी आधी बाईंकडेच गेलो. गिरगावातल्या त्यांच्या चाळीचा जिना चढताना माझे गुडघे मला अजूनही शिव्या देतात. बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "कौतुक करायचंच असेल तर करा बापडे. पण दुसऱ्या कुणी नाही लिहिणार, तेव्हा तुम्ही सोडियम सेबॅकेटबद्दल चार ओळी बरोबर लिहा. तेवढं केलंत तरी पुष्कळ." संपादकांना बहुधा 'मातृहृदयी', 'सेवाव्रती' असले शब्द हवे असणार. ते इतर लेखक पुरवतील. मी बाईंचं ऐकणार आहे. पन्नासएक वर्षांच्या सवयीला आता कोण मोडणार?

तर सोडियम सेबॅकेट. आम्लं दोन तऱ्हेची असतात असं समजा: एका तोंडाची आणि दोन तोंडांची. नेहमीचा साबण म्हणजे एका तोंडाच्या लांबलचक आम्लाचं सोडियम मीठ. त्याचं तोंड पाण्याकडे असतं आणि शेपटी तेलाकडे, म्हणून फेस होतो आणि मळ निघतो. दोन तोंडांच्या आम्लांना मात्र दोन्ही टोकांना तोंडं. त्यांच्या सोडियम मिठांचा फेस होत नाही. त्यांचं कुटुंब मोठं आहे आणि आपल्या स्वयंपाकघरातून त्याची ये-जा असते. अळू खाजरं लागतं ते सगळ्यांत आखूड भावामुळे, ऑक्झलेटमुळे. पण तिथे ते कॅल्शियमबरोबर असतं, म्हणून पाण्यात विरघळत नाही आणि सुईसारखं टोचतं. सोडियमबरोबर असलं की निमूट विरघळतं, मात्र पोटात गेलं तर विषच. चिंचेचा आंबटपणा हा मधला भाऊ. त्याच्या सोडियम-पोटॅशियम मिठाच्या मदतीने काचेवर चांदीचा मुलामा चढवून आरसे करतात. तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांच्या कालवणाला जी चव असते, जिच्यासाठी आम्ही कोकणातली माणसं देव पाण्यात ठेवतो, तिच्यात आणखी एका भावाचा, सक्सिनेटचा, वाटा असतो. त्याचं सोडियम मीठ कारखान्यातल्या सूपमध्ये चवीला घालतात. आणि सेबॅकेट हा थोरला, लांब हातापायांचा. हा एरंडेलातून येतो. त्याचं आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण कॉस्टिक सोड्याने शांत केलं की जे मीठ होतं ते पाण्यात सहज जातं, आणि ते पाणी लोखंडाला गंजू देत नाही.

या शेवटच्या गुणधर्मापायी बाईंना 'दुतोंडी' ही पदवी मिळाली. विद्यापीठाने दिलेल्या पदवीपेक्षा हीच त्यांना जास्त चिकटली. ती कशी मिळाली ते सांगतो.

गिरणी कामगारांचा तो मोठा संप सुरू झाला तेव्हा पहिल्या दिवसांत सगळ्यांनाच वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. मिटला नाही. गिरणीचा भोंगा बंद झाला आणि लालबागच्या माणसांची दिवसाची वेळच हरवली. आम्हा स्टाफच्या लोकांना हजेरी लावावी लागे. गेटवरचे कामगार आम्हाला अडवत नसत, कारण आमच्याने एकही माग हलणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ते आमच्याकडे ज्या नजरेने पाहत, त्यापेक्षा अडवलं असतं तर बरं झालं असतं. आत आम्ही टेबलं पुसायचो, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायचो. बाई मात्र रोज विणकाम खात्यात फेरी मारून येत.

एकदा मला घेऊन गेल्या. शिवडीच्या खाडीवरून खारा वारा यायचा आणि त्या उंच खिडक्यांच्या फुटक्या काचांतून थेट मागांवर बसायचा. बाईंनी एका मागाच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट विटकरी झालं होतं.

"माणसं परत येतील तेव्हा त्यांना हे देणार आहोत का आपण?" बाई म्हणाल्या. "पोटाला चिमटा घेऊन लढतायत ती. जिंकून आली आणि माग गंजून बसलेले असले, तर मालक म्हणेल, आता काय करू तुम्हाला घेऊन?"

मी म्हटलं, ग्रीस फासू. त्यावर त्या म्हणाल्या, ग्रीसवर रुईचा भुसा बसेल आणि तोच ओल धरून ठेवेल. शिवाय सुरू झाल्यावर कापडाची पहिली ठाणं तेलकट निघतील. प्रयोगशाळेच्या माळ्यावर एका एरंडेलवाल्या कंपनीच्या विक्रेत्याने नमुन्यादाखल टाकलेली सेबॅसिक आम्लाची पोती कधीची पडून होती. कॉस्टिक सोड्याला तर गिरणीत तोटा नव्हता. विव्हिंग मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "करा काय करायचं ते, मला विचारू नका." त्यांना त्या मागांचं सोयरसुतक उरलं नव्हतं. पुढे कळलं, वरच्या लोकांनाही नव्हतं.

आम्हाला आतून कुणाची आडकाठी नव्हती. दुसरं कुणी असतं तर दुसऱ्या दिवशी बादली घेऊन कामाला लागलं असतं. बाई म्हणाल्या, "आतल्यांची परवानगी झाली. आता बाहेरच्यांची." मी कपाळाला हात लावला.

घोडपदेवच्या एका चाळीच्या पटांगणात संपकऱ्यांची संध्याकाळची बैठक भरे. बाई तिथे गेल्या, चपला काढून सतरंजीच्या कडेला बसल्या आणि आपलं म्हणणं त्यांच्या त्या गिरगावी, स्वच्छ, शाळेतल्यासारख्या मराठीत मांडलं. मागांना औषध लावायचं आहे, तुमची हरकत नसेल तरच.

पटांगणात गलका झाला. कुणी म्हणालं, मालकाने पाठवलीय. कुणी म्हणालं, आज औषध लावतील, उद्या पट्टे चढवून माग चालू करतील. मग परब मिस्त्रींच्या पत्नी उभ्या राहिल्या. परब मिस्त्री आमच्याकडे मागांचे जॉबर; मागांची एक अख्खी ओळ त्यांच्या हाताखाली चाले. या परब वहिनींना सगळी चाळ वचकून असे. त्या बाईंसमोर येऊन म्हणाल्या, "सकाळी मालकाच्या गेटातसून आत जातंस नि सांजेक आमच्या चाळीत येऊन गोड बोलतंस. आमच्या गावाक ह्येका दुतोंडी म्हणतत."

गिरणीत बाईंना कुणी कधी 'तू' म्हटलं नव्हतं. बाई मात्र क्षणभर विचारात पडल्या, जणू कुणी त्यांना परीक्षेत अडचणीचा प्रश्न विचारला होता.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "माझं औषधही दुतोंडीच आहे."

आणि मग, माझ्यावर विश्वास ठेवा, त्या बाईंनी भुकेने आणि रागाने पेटलेल्या त्या सभेत रसायनशास्त्राचा तास घेतला. अळू सांगितलं, चिंच सांगितली, तिसऱ्या सांगितल्या. तिसऱ्यांचं नाव निघताच पटांगणात कुणीतरी खोल उसासा टाकला आणि माणसं हसली. त्या दिवसांत चाळीत मासळी कुणाच्या घरी शिजत होती? बाई म्हणाल्या, "या मिठाला दोन तोंडं आहेत आणि दोन्ही तोंडांनी ते लोखंडाला धरून बसतं. मधल्या लांब अंगाला पाणी आवडत नाही, म्हणून ते पाण्याला आत येऊ देत नाही. लोखंडावर खार असेल तर मात्र याचं काही चालत नाही. तेव्हा आधी गोड्या पाण्याने पुसायचं, कोरडं करायचं, मग हे लावायचं. महिन्याभराने परत. तुम्ही आलात की ओल्या फडक्याने निघून जाईल. एकही चाक फिरणार नाही, हा माझा शब्द."

"पन ता कामच झाला ना?" कुणीतरी अडवलं. "संपात काम म्हंजे काम."

इथे सगळं अडलं. तेवढ्यात इतका वेळ भिंतीला टेकून बसलेले परब मिस्त्री बोलले. मितभाषी माणूस.

"दसरो इलो. दसऱ्याक मागाची पूजा करतो ना आपण दरवर्षी? पूजेच्या आदी माग कोन पुसना नाय? कामाक बंदी आसा. पूजेक खंय आसा?"

गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दसऱ्याला माग धुवून पुसून लखलखीत करायचा, हळदकुंकू वाहायचं, झेंडू आणि आंब्याची पानं बांधायची. त्या दिवशी तो यंत्र नसतो. त्याला पुसणं ही चाकरी नव्हे, हे कोणत्याही युनियनच्या नियमांपेक्षा जुनं आहे. पटांगणातल्या पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना आत जाता येणार नव्हतं. उंबरा ओलांडला तर संप फुटला. पूजा आमच्या हातून व्हायची होती.

दसऱ्याच्या सकाळी गेटच्या गजांमधून माळा आत आल्या. ज्याने त्याने आपापल्या मागाची खूण सांगितली. खांबाजवळचा, पंख्याखालचा, चौकटीला बाक आलेला. वहिनींनीही एक माळ आणली होती. पण ती त्यांनी बाईंच्या हातात दिली नाही. माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ह्यांच्या मागाक घाल." बाई शेजारीच उभ्या होत्या. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

आम्ही दोघांनी आणि स्टाफमधल्या आणखी काहींनी दिवसभर माग पुसले. कोमट पाण्यात कॉस्टिक, त्यात चिमटीचिमटीने आम्लाची भुकटी, फिनॉल्फ्थॅलिन या सूचकाचा रंग जेमतेम गुलाबी राहील इतपत. फडकं बुडवून, पिळून, चौकटीच्या सांध्यासांध्यांत. मग हळदकुंकू आणि माळ. पितळेच्या भागांना हे मीठ लावायचं नाही म्हणून बाई स्वतः मागून तपासत येत होत्या. पुढे महिन्याला परत लावायचं होतं, तेव्हा चाळीतल्या एका म्हाताऱ्याने तोडगा काढला: अमावस्येला यंत्राला नारळ वाढवतातच की! त्यानंतर अमावस्या आली की बाई पदर खोचून बादलीसह हजर. बाईंचा देवावर फारसा विश्वास नाही. पण त्या गिरणीत इतकी पूजा पूर्वी कधी झाली नसेल, असं मी एकदा चिडवलं तेव्हा म्हणाल्या, "देव आहे की नाही माहीत नाही, नाईक. अमावस्या मात्र वेळेवर येते."

पुढचं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. संप कधी संपला हे कुणालाच नीट सांगता येत नाही. तो विरत गेला. थोड्यांना परत घेतलं, बहुतेकांना नाही, आणि मग तीही गिरणी बंद पडली. माग विकायला निघाले. शेजारच्या गिरण्यांचे माग भंगारात गेले, हातोड्याने फोडून. आमचे मात्र 'चालू स्थितीत' म्हणून एका यंत्रमागवाल्याला गेले, भिवंडीला.

ट्रक निघाले त्या दिवशी गेटबाहेर माणसं जमली होती. माग चकचकीत दिसत होते. तेच नडलं. कुणीतरी म्हणालं, "बघा, बाईनं मालकाचा माल कसा राखला." वहिनी पुढेच उभ्या होत्या. "मी तेवाच बोल्लेलंय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "दुतोंडी!"

बाई माझ्याशेजारी होत्या. परब मिस्त्री पुढे झाले, ट्रकवरच्या मागाच्या चौकटीवरून त्यांनी तळहात फिरवला आणि तो उलटून पाहिला. स्वच्छ होता. त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, कुठे नेतोस? मग टायरवर पाय देऊन ते चक्क वर चढले आणि मागाला पाठ लावून बसले. वहिनी ओरडल्या, "अवो, खंय चाललास?" मिस्त्री म्हणाले, "माग गेले तर मी हंय ऱ्हवान काय करू?"

आणि खरोखरच गेले. भिवंडीच्या त्या शेटला ते माग लावता येईनात. मिस्त्रींनी लावून दिले, आणि हातात जोर होता तोवर तिथेच राहिले. वहिनींच्या घरची चूल त्यावर चालली. पण वहिनींनी बाईंशी बोलणं टाकलं ते टाकलंच, आणि त्यांच्यामागोमाग सगळ्या चाळीने.

मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, तुम्ही त्या दिवशी उत्तर का दिलं नाहीत? तुमच्यामुळेच मिस्त्रींना काम मिळालं!"

बाई म्हणाल्या, "त्या खोटं काय बोलल्या? मालकाचा माल राखला गेलाच ना! मीठ काही लोखंड कुणाचं आहे ते विचारत नाही. मी विचारायला हवं होतं."

हे वाक्य त्यांनी कधीच सोडलं नाही. कॉटन ग्रीनजवळ एका गोदामाच्या पडवीत त्यांनी सोडियम सेबॅकेट करायला सुरुवात केली आणि मी सोबत होतो. दोन पिंपं, एक ढवळायची काठी, सुकवायला पत्रे. पहिलं गिऱ्हाईक शिवडी बंदरातले एक कोळी, होडीचे तांडेल. त्यांच्या होडीच्या इंजिनात थंड करायला जे पाणी खेळतं त्यात हे मीठ घातलं की आतून गंज धरत नाही. बाईंनी त्यांना आधी विचारलं, होडी कुणाची? ते म्हणाले, "माझी नि माझ्या भावाची. का वं बाई?" "मग न्या," बाई म्हणाल्या. कृती कुणापासून लपवली नाही. स्वतःचं यंत्र स्वतः चालवणारा जो येईल त्याला बाई ती समजावून सांगत, आणि आधी खार धुवून काढा, हेही दहादा बजावत. धंदा अशाने होतो का, असं मी विचारायचो. त्या मला पिंप ढवळायला लावायच्या.

एकदा यंत्रांचा एक दलाल आला. बंद गिरण्यांचे माग उचलायचे होते आणि विकेपर्यंत ते गंजू नयेत म्हणून त्याला पिंपंच्या पिंपं हवी होती. आमच्या पडवीने एवढी मागणी पाहिली नव्हती. बाईंनी चष्मा काढला.

"मागांबरोबर माणसं घेणार का?"

"माणसं? बाई, मी लोखंडाचा व्यापारी."

"मग तुमच्या लोखंडाला माझं मीठ नाही. त्या गिरणीचे मिस्त्री मागांसोबत कामाला लावणार असाल, तर या. भिवंडीत विचारून बघा, माणसाशिवाय माग लागले का ते."

तो हसत निघून गेला. मी दिवसभर बाईंशी बोललो नाही, हेही इथे नोंदवतो. गौरवलेखात रुसवे लिहू नयेत असं कुठे म्हटलंय? काही दिवसांनी तो परत आला, अट कबूल करून. भिवंडीत विचारून आला असावा. ज्या मागांना बाईंचं मीठ लागलं त्यांच्यासोबत काही जॉबर, काही फिटर गेले. फार नव्हते. गिरणगाव त्यामुळे वाचलं असं कुणी म्हणू नये, बाईंना ते आवडणार नाही. पण जी घरं सावरली, त्यांच्या तोंडून ही गोष्ट चाळीचाळींत गेली.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही पिंपांना हळदकुंकू लावत होतो, तेव्हा पडवीच्या दारात वहिनी उभ्या राहिल्या. हातात झेंडूची माळ होती. मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि माळ बाईंच्या हातात दिली. मला परमँगनेटचा तो रुसलेला पहिला थेंब आठवला.

मग वहिनींनी पिंपात डोकावून विचारलं, "ह्याच काय ता दुतोंडी?"

"हेच," बाई म्हणाल्या.

"सुकवक कोन आसा तुझ्याकडे? पापड कोनी केले नाय जन्मात असा दिसता ह्या पत्र्यांकडे बघून."

दुसऱ्या दिवसापासून वहिनी सुकवणीवर आल्या, आणि त्यांच्यामागून चाळीतल्या बायका. डब्यांवर मी मोठं भारदस्त नाव छापायचं ठरवलं होतं. वहिनींनी ते हाणून पाडलं. आजही आमच्या डब्यांवर 'दुतोंडी' एवढंच छापलेलं असतं. नवीन गिऱ्हाईक बिचकतं आणि मग बाईंना तास घ्यायची आयती संधी मिळते.

बाईंच्या मायेबद्दल लिहायचं तर एकच सांगतो. मला मूतखडा झाला आणि परळच्या एका इस्पितळात मी विव्हळत पडलो होतो. बाई आल्या, रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, "नाईक, जन्मभर तुम्ही ऑक्झलेट मोजलंत. आता ते तुम्हाला मोजतंय." माझी बायकोसुद्धा हसली. पण त्यानंतर मी घरी येईपर्यंत गिरगावातून रोज डबा येत होता, पालक आणि अळू वगळून, आणि माझ्या म्हाताऱ्या वडिलांना औषध द्यायला बाई स्वतः येऊन जात होत्या. याबद्दल मी आजवर त्यांचे आभार मानलेले नाहीत. मानले असते तर त्यांनी मला पिंप ढवळायला पाठवलं असतं. म्हणून इथे, छापील मानतो.

परब मिस्त्री आज नाहीत. वहिनी थकल्या आहेत, कानाने कमी ऐकतात, पण दसऱ्याची माळ चुकलेली नाही. या ग्रंथासाठी त्यांचे दोन शब्द घ्यावेत म्हणून मी मुद्दाम गेलो. बाईंना आयुरारोग्य चिंतायचं, तर माझ्यापेक्षा त्यांचा अधिकार मोठा. ओरडून ओरडून त्यांना कारण समजावलं.

"लिव," त्या म्हणाल्या. "दुतोंडी ती दुतोंडीच. एक तोंड आमच्याकडे, दुसरा मागांकडे. मालकाकडे बघूचा तोंड देवान तिका दिलाच नाय."

मी लिहून घेतलं. उठायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरून पुन्हा खाली बसवलं.

"आनि तिका सांग, शंबर वर्सां जग. गंज चढलो तर पुसूक मी आसंय."